पाणी पिताना ठसका आणि परत परत ताप: गिळण्याची अडचण तोंडात आहे की घशात, हे कसं शोधायचं

"जेवण ठीक जातं हो, पण पाण्याचा घोट घेतला की ठसका लागतोच." गिळण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या घरच्यांकडून मी हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकते. लगेच पुढचं वाक्य येतं, "म्हणून आम्ही आता सगळं पातळच करून देतो, गिळायला सोपं." अडचण इथंच वाढते. मी स्पीच थेरपिस्ट आहे, आणि माझं निम्म्याहून जास्त काम बोलण्यावर नाही, गिळण्यावर चालतं. लकवा झालेले, कंपवाताचे, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचे उपचार झालेले, नुसत्या वयानं थकलेले, अशी सगळी माणसं येतात. या सगळ्यांच्या घरी एकच गोष्ट आधी सांगावी लागते: कमजोर घशाला बहुतेक वेळा सगळ्यात अवघड जातं ते पातळ.

घास चावून, लाळेत कालवून जिभेवर गोळा होतो आणि जीभ तो मागे ढकलते. इथवरचं काम आपल्या ताब्यात असतं. घास घशात उतरला की पुढचं सगळं आपोआप, साधारण एका सेकंदात उरकतं. टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा, तो वर उचलला जाताना कळतो. स्वरतंतू मिटतात, श्वासनलिकेवरचं झाकण आडवं पडतं, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला स्नायू सैल होतो. तीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच नसा हे काम मिळून करतात. मऊ भाताचा घास जिभेवर थांबतो आणि घशाला तयार व्हायला वेळ देतो. पाणी थांबत नाही. घसा अर्ध्या सेकंदानं उशिरा जागा झाला तरी पाणी आधीच खाली पोचलेलं असतं, आणि तेव्हा श्वासनलिका उघडी असते.

आधी हे पाहा, बाकीचं नंतर

गिळणं अचानक बंद पडलं, सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळू लागलं किंवा हात लुळा पडला, तर तो लकवा समजून लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. अशा वेळी "थोडं पाणी पाजून बघू" हे अजिबात करू नका. गोळीही तोंडानं देऊ नका.

घास अडकून माणसाला बोलता येत नाही, खोकता येत नाही, चेहरा काळानिळा पडतोय, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच जोरदार थापा द्या. घास निघाला नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ धरून आत-वर असे पाच झटके. आलटून पालटून हेच करत राहा आणि दुसऱ्या कोणाला 108 लावायला सांगा. शुद्ध हरपली तर आडवं झोपवून छाती दाबायला सुरुवात करा. दिसत नसलेल्या घासासाठी तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. मात्र माणूस स्वतः जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आपल्याकडे ठसका लागला की सगळे पाण्याचा पेला घेऊन धावतात. खोकत असताना दिलेलं पाणी पुन्हा त्याच चुकीच्या वाटेनं जातं. खोकला पूर्ण थांबला, आवाज मोकळा झाला, की मगच पुढचा घोट.

तिसरी गोष्ट सावकाश चालते, म्हणून ती दुर्लक्षित राहते. आधी भाकरी अडकायची, मग मऊ भात, आता पातळही उतरत नाही आणि वजन घटतंय, अशी तक्रार असेल तर ती अन्ननलिकेची असू शकते. तिथं दुर्बीण आधी हवी. घशाच्या व्यायामांवर महिने घालवू नका. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला घोगरा आवाज, मानेतली गाठ, गिळताना कानात जाणारी कळ, थुंकीतून रक्त, यांतलं काहीही असलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका.

ठसका नेमका केव्हा लागतो?

हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळ विचारते, कारण अर्धं उत्तर त्यातच असतं. दोन-तीन दिवस जेवताना शेजारी बसून फक्त पाहा आणि वहीत लिहा.

गिळण्याच्या आधीच ठसका लागतो, घास अजून तोंडात आहे असं वाटत असताना: म्हणजे जिभेचा ताबा सुटतोय किंवा घसा उशिरा जागा होतोय. लकव्यानंतर हे खूप दिसतं. गिळतानाच लागतो: श्वासनलिकेची वाट नीट मिटत नाही. गिळून झाल्यावर, कधी मिनिटभरानं लागतो: घशाच्या खाचांमध्ये अन्न शिल्लक राहतंय आणि श्वास घेताना ते खाली घसरतंय. जेवण उरकून आडवं झाल्यावर खोकला येत असेल तर जठरातून वर येणाऱ्या आम्लपित्ताचाही विचार करावा लागतो.

तोंडातली अडचण वेगळी दिसते. घास गालात तसाच पडून राहतो, एका बाजूच्या ओठातून गळतो, चावणं संपतच नाही, जेवण झाल्यावर जिभेवर भाताची शितं दिसतात. अन्न किंवा पाणी नाकातून येत असेल तर टाळू वर उचलला जात नाहीये. जेवणाच्या सुरुवातीला सगळं ठीक आणि शेवटी शेवटी आवाज नाकातून येऊ लागला, जबडा दमला, पापण्या जड झाल्या, असं रोज होत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. मायस्थेनियामध्ये स्नायू वापरता वापरता असेच थकतात, आणि त्यावर चांगली औषधं आहेत.

घशात सतत गोळा असल्यासारखं वाटतं, पण जेवताना बरं वाटतं आणि अन्न कुठंही अडत नाही, ही तक्रार वेगळी. तिला सहसा पातळ-घट्टचा हा सगळा खटाटोप लागत नाही. एकदा डॉक्टरांनी घसा पाहिला की बहुतेकांची काळजी मिटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ठसका लागत नाही, याचा अर्थ सगळं बरोबर चाललंय असा नाही. लकव्यात, कंपवातात, मानेला रेडिएशन झालेल्यांमध्ये घशाची संवेदनाच बोथट झालेली असू शकते. पाणी फुप्फुसाच्या वाटेला जातं आणि माणूस खोकतसुद्धा नाही. अशा वेळी बाकीच्या खुणा शोधाव्या लागतात: पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होणं, डोळ्यांत पाणी येणं, जेवताना श्वास वाढणं, संध्याकाळी बारीक ताप आणि छातीत कफ, वरचेवर न्यूमोनिया, जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणं, महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी उतरणं. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, एवढंच. काटा घरात नसेल तर औषधांच्या दुकानात दर पंधरा दिवसांनी वजन करून आणा. गिळून झालं की "आऽऽ" म्हणायला लावा. ओला आवाज त्यात लगेच ऐकू येतो.

बसणं आणि पाजणं

औषधाआधी आणि व्यायामाआधी हे बदला, कारण याला पैसे लागत नाहीत आणि बऱ्याच घरांत फरक त्याच दिवशी दिसतो.

आपल्याकडे तांब्यानं किंवा बाटलीनं वरून पाणी ओतून प्यायची सवय आहे. मान मागे, तोंड उघडं, धार सरळ घशात. निरोगी माणसाला ते जमतं. गिळण्याची अडचण असलेल्याला ते पूर्ण बंद करा. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट जास्त उघडी पडते आणि पाणी कधी गिळायचं हे ठरवायची संधीच जिभेला मिळत नाही. अरुंद पेला शेवटच्या घोटाला मान मागे न्यायला लावतोच, म्हणून रुंद तोंडाचा पेला घ्या आणि तो अर्ध्याहून खाली जाऊ देऊ नका, परत भरा. बाळाच्या बोंडल्यासारखा चोच असलेला फीडिंग कप आजारी माणसासाठी सर्रास आणला जातो. त्यानंही मान मागे जाते आणि धार जिभेच्या मागच्या भागावर पडते. माझ्या मते तो न आणलेलाच बरा.

चहाचा भुरकाही तसाच. बशीतून चहा भुरकताना हवा आणि चहा एकाच ओढीनं आत जातात, म्हणजे श्वास थांबायला हवा त्याच क्षणी आपण श्वास ओढत असतो. आमटीचंही तेच. वर्षानुवर्षांची सवय मोडणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. चहा थोडा निववून चमच्यानं द्यायला सुरुवात करा, चव जात नाही.

खुर्चीत सरळ, पाय जमिनीवर टेकलेले, कंबर मागे टेकलेली. पलंगावरच बसवायचं असेल तर उशा पाठीला देऊन भागत नाही. माणूस घसरतो आणि हनुवटी वर जाते. उशी गुडघ्यांखालीही द्या. भरवणाऱ्यानं उभं राहू नये. उभ्यानं भरवलं की आजी वर बघत घास घेतात, आणि परत तीच मागे गेलेली मान. समोर स्टूल घेऊन, डोळ्यांच्या उंचीवर बसा. चमचा लहान, घास जिभेच्या मध्यावर, लकव्यात चांगल्या बाजूनं. कंठमणी वर जाऊन खाली आलेला दिसल्याशिवाय पुढचा चमचा उचलू नका. टीव्ही बंद. "अजून एक घास घ्या ना आई, कसं वाटतंय?" असा प्रश्न घास तोंडात असताना विचारू नका, कारण उत्तर द्यायला त्या श्वास घेणारच. जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहायचं.

हनुवटी छातीकडे घेऊन गिळायचा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे आहे. काहींना त्यानं खरंच फायदा होतो. पण ओठातून गळणाऱ्याचं अन्न त्यानं आणखी बाहेर येतं, आणि काहींच्या घशात साचलेलं पाणी उलट श्वासनलिकेकडे कलतं. मान कमजोर बाजूला वळवून गिळणं हेही तसंच, योग्य माणसाला फार उपयोगी, सरसकट नाही. या दोन्ही युक्त्या तपासणीनंतर ठरवा. मान मागे न नेणं मात्र जवळजवळ सगळ्यांना लागू आहे.

पातळ किती, घट्ट किती

"मधासारखं घट्ट करा" असं सांगितलं की प्रत्येक घरात वेगळं काहीतरी तयार होतं. त्यासाठी जगभर आता एकच मोजपट्टी वापरतात, आयडीडीएसआय. तिच्यात 0 ते 7 पातळ्या आहेत: 0 म्हणजे पाणी, 7 म्हणजे नेहमीचं जेवण. पेयाची पातळी घरीच मोजता येते. 10 मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, टोकाला बोट लावा, 10 च्या खुणेपर्यंत पेय भरा, बोट काढा आणि 10 सेकंदांनी परत लावा. आत 1 मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी 0. 1 ते 4 मिली उरलं तर 1, 4 ते 8 उरलं तर 2. 8 च्या वर उरलं, पण थेंब पडत होते, तर 3. काहीच बाहेर आलं नाही तर 4. सगळ्या सिरिंजा सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून आधी पट्टी लावा: शून्यापासून 10 च्या खुणेपर्यंतचं अंतर 61.5 मिलीमीटर हवं. पेय ज्या तापमानाला द्यायचं त्याच तापमानाला मोजा. घरचं ताक, लस्सी, टोमॅटोचं सार, डाळीचं पाणी, सगळ्यांची एकदा चाचणी करून फ्रिजवर कागद लावून ठेवा. घरातल्या सगळ्यांचा अंदाज एकसारखा होतो.

थिकनर, म्हणजे पेय घट्ट करायची पावडर, दोन प्रकारचे मिळतात, स्टार्चचे आणि झँथन गमचे. फरक लाळेत आहे. लाळेतलं पाचक द्रव्य स्टार्च तोडतं, म्हणून स्टार्चनं घट्ट केलेलं पेय तोंडात आणि वाटीतसुद्धा पातळ होत जातं. गमचं होत नाही. हे वाचायला बारीक वाटेल, पण एका घरी मी ते डोळ्यांनी पाहिलं. सूनबाई सासऱ्यांना नाचणीचं सत्त्व भरवत होत्या. छान घट्ट शिजवलेलं, चमचा उलटा केला तर पटकन पडणार नाही असं. वाटीभर सत्त्व अर्ध्यापर्यंत बिनठसक्याचं गेलं. मग एक ठसका, मग दर दोन चमच्यांना एक. "बाबा शेवटी दमतात," असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी वाटी तिरकी केली, तर तळाचं सत्त्व पाण्यासारखं वाहिलं. तोच चमचा तोंडात आणि परत वाटीत जात होता, आणि त्याला लागलेली लाळ सत्त्व विरघळवत होती. पातेल्यातलं सत्त्व मात्र अजून जसंच्या तसं होतं. पातेल्यातून दोन-दोन चमचे छोट्या वाटीत काढून, मध्ये चमचा धुऊन द्यायला लागल्यावर शेवटचे ठसके बंद झाले. तांदळाची पेज, कॉर्नफ्लोअरचं सूप, साबुदाण्याची खीर, सगळ्यांना हे लागू आहे.

घट्ट करण्यासाठी इसबगोल कधीही वापरू नका. ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं, आणि गिळण्याची अडचण असलेल्यानं बद्धकोष्ठतेसाठीही ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बद्धकोष्ठतेची मॅक्रोगॉल पावडर स्टार्चच्या थिकनरमध्ये मिसळली तर सगळं परत पातळ होतं, तेही लक्षात ठेवा. लहान बाळांच्या दुधात कोणताही थिकनर बालरोगतज्ज्ञांशिवाय घालायचा नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. घट्ट पाणी कोणालाच आवडत नाही. माणूस पितच नाही. मग लघवी गडद होते, शौचाला खडा होतं, दुपारी ग्लानी येते. आणि खूप घट्ट पेय फुप्फुसात गेलं तर ते साफ होणं पाण्याहून अवघड. म्हणून लागेल तेवढंच घट्ट, एक थेंबही जास्त नाही, आणि दर काही आठवड्यांनी परत तपासणी, कारण लकव्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांतच सुधारतं. सहा महिन्यांपूर्वी सांगितलेलं थिकनर कोणी न विचारता आजही चालू आहे, असं फार घरांत दिसतं. अमेरिकेतल्या लुईव्हिल इथल्या फ्रेझर पुनर्वसन केंद्रानं 1980 च्या दशकात एक पद्धत बसवली: जेवताना घट्ट पेय, पण दोन जेवणांच्या मध्ये, तोंड स्वच्छ करून आणि जेवणानंतर अर्धा तास गेल्यावर, साधं पाणी लहान घोटांनी प्यायला मुभा. सगळ्यांना ती चालत नाही, पण तुमच्या माणसाला चालेल का, हे थेरपिस्टला जरूर विचारा.

ताटात काय ठेवायचं

दूध-पोळी हा आजारी माणसाचा ठरलेला पदार्थ, आणि मी सगळ्यात आधी थांबवते तो हाच. पातळ दूध आणि चावायला लागणारा तुकडा एकाच घासात. जीभ तुकडा चावत असते आणि दूध त्याआधीच घशात उतरलेलं असतं. पातळ आमटी-भात, दुधातले पोहे, ताकातली भाकरी, संत्र्याची फोड, कलिंगड, चहात बुडवलेलं बिस्कीट, सगळ्यांची गोष्ट तीच. आईस्क्रीम आणि कुल्फी तोंडात वितळून पाणीच होतात, त्यामुळे पातळ बंद असेल तर त्याही बंद.

पोळी दुधात भिजवायचीच असेल तर मिक्सरमधून एकजीव करा. वरण घट्ट, गाळलेलं, भात आसट, वर तूप. हे मिश्रण चमच्यावर एकत्र राहतं आणि एकत्रच गिळलं जातं. मऊ मुगाची खिचडी, गुठळ्या नसलेलं पिठलं, घोटलेलं दही, श्रीखंड, गाळलेला आमरस, कुस्करलेलं केळं, भोपळ्याची घोटलेली भाजी. फोडणीतली मोहरी आणि कढीपत्ता काढून टाका, कोरड्या घशात कढीपत्त्याचं पान टाळूला चिकटून बसतं. पोहे, उपमा, भगर हे सुटे दाणे घशात विखुरतात; चिवडा, शेव, शेंगदाणे, चुरा होणारा लाडू तर नकोच. उकडीचे मोदक आणि पेढे चिकटतात. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचा हट्ट होतो, त्यात चिकटपणाही आणि दाण्याचं कूटही. त्याऐवजी उकडून घोटलेलं रताळं दह्यात कालवून द्या. उपवास मोडल्याची खंत उरत नाही.

बारीक केलेल्या अन्नाचे तुकडे मोठ्यांसाठी 4 मिलीमीटरपर्यंत चालतात, म्हणजे साध्या काट्याच्या दोन दात्यांमधल्या फटीएवढे. आंबट आणि थंड घासानं काहींचं गिळणं लवकर सुरू होतं, त्यामुळे जेवणाच्या सुरुवातीला घट्ट केलेल्या कोकमाच्या साराचे दोन-तीन चमचे देऊन पाहायला हरकत नाही.

गोळ्या पाण्याबरोबर न देता घट्ट दह्याच्या चमच्यात द्या. कुटण्याआधी औषधवाल्याला विचारा: सावकाश विरघळणाऱ्या आणि वरून आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी गिळणं मंदावतं, ॲलर्जीच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. अडचण नवी गोळी सुरू झाल्यावर आली का, हे तारखेनिशी पाहा.

रात्रीचा ब्रश

फुप्फुसात गेलेल्या पाण्यापेक्षा त्या पाण्याबरोबर गेलेले तोंडातले जंतू जास्त घात करतात. 1998 मध्ये सुसान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांमधल्या या न्यूमोनियाची कारणं तपासली. त्यात दुसऱ्यानं भरवावं लागणं, दात घासण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं आणि किडलेले दात ही कारणं ठळक निघाली. गिळण्याची अडचण एकटी पुरेशी नव्हती. जपानमधल्या वृद्धाश्रमांतल्या अभ्यासात नियमित तोंड स्वच्छ केल्यावर न्यूमोनिया कमी झाला. तरीही घराघरांत सकाळी एकदा तोंड पुसलं की झालं, असंच चालतं. नळीनं अन्न जात असेल तर तेवढंही नाही, "तोंडानं काही खातच नाहीत ना!" उलट त्यांचंच तोंड जास्त घाण होतं.

प्रत्येक जेवणानंतर गालाच्या आतून बोटाला ओलं गॉझ गुंडाळून फिरवा, साचलेलं अन्न काढा. मऊ ब्रशनं दात, हिरड्या आणि जीभ, दिवसातून दोनदा, त्यातलं एक रात्री झोपताना. ब्रश ओला, पण टपकणारा नको, पेस्ट वाटाण्याएवढीही नको. मान एका कुशीला. चूळ भरायला किंवा मान मागे करून गुळण्या करायला सांगू नका, तेही पातळच आहे. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. वजन उतरलं की कवळी सैल होते आणि चावताना हलते, हे दंतवैद्याला दाखवा.

कंपवात, सुपारी, रेडिएशन

कंपवातात लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, गिळायची आठवण कमी होते म्हणून. औषधाचा असर चढलेला असताना जेवण ठेवा. लेव्होडोपा या कंपवाताच्या औषधाची गोळी साधारण जेवणाआधी अर्धा तास, कारण प्रथिनं तिच्या शोषणात आड येतात. वेळ डॉक्टरांकडून पक्की करून घ्या.

गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी तोंड न उघडणारी तरुण मुलं माझ्याकडे येतातच. मूळ सुपारी आहे, तंबाखू नसलेली सुद्धा. गालाच्या आतला भाग पांढरट आणि ताठर होतो, तिखट झोंबतं, मग तोंड उघडेना. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक तोंडात मावत नसतील तर आजच दंतवैद्याकडे जा. सुपारी बंद झाल्याशिवाय कोणत्याही व्यायामाला यश येत नाही, आणि हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो.

मानेला रेडिएशन चालू असेल तर दुखतंय म्हणून तोंडानं खाणं पूर्ण सोडू नका. नळी लागली तरी दिवसातून काही चमचे गिळत राहा, आणि गिळण्याचे व्यायाम रेडिएशनच्या आधीपासून सुरू करा. न वापरलेले स्नायू आखडतात, आणि हा आखडेपणा उपचार संपल्यावर काही वर्षांनीही वाढू शकतो.

तपासणी, व्यायाम, नळी

घरच्या निरीक्षणातून अंदाज येतो, आतलं दिसत नाही. आत पाहायच्या दोन तपासण्या आहेत. एकीत बेरियम मिसळलेले घास गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ घेतात. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा थेट पाहतात. ती खाटेशेजारीही करता येते. कोणती मान, कोणती पातळी, कोणता घास सुरक्षित, हे त्याच वेळी करून पाहता येतं. म्हणूनच तपासणीला जाताना घरचं नेहमीचं अन्न डब्यात घेऊन जा.

व्यायाम कारण पाहून ठरतात. उताणं झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाची बोटं पाहायची, एक मिनिट धरून, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा, मग तीस वेळा नुसतं वर-खाली. हा शेकर व्यायाम दिवसातून तीनदा, सहा आठवडे करतात, अन्ननलिकेचं तोंड नीट उघडावं म्हणून. मानेचे मणके झिजलेल्यांनी किंवा गळ्याला छिद्र असलेल्यांनी तो करायचा नाही. गळ्याला करंट लावणाऱ्या यंत्रांवर बरेच पैसे खर्च होतात. नुसतं यंत्र लावून बसण्यापेक्षा रोजचा जोर लावून गिळण्याचा सराव मला जास्त भरवशाचा वाटतो.

नाकातली राईल्स ट्यूब घातली की न्यूमोनियाची काळजी संपली, असं समजू नका. लाळ चुकीच्या वाटेनं जातच राहते आणि पोटातलं वर येऊ शकतं, म्हणून नळीनं देतानाही आणि नंतर अर्धा-एक तासही डोकं वर हवं. नळी चार-सहा आठवड्यांहून जास्त लागणार असेल तर पोटावरच्या पेग नळीबद्दल डॉक्टरांशी बोला. नळी काढायची वेळ घरी ठरवू नका. "काल थोडं पाणी पाजलं, काही झालं नाही" हा पुरावा पुरेसा नसतो. ठसक्याविना आत जाणाऱ्या पाण्याचं वर सांगितलंच आहे.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारा, आणि गिळण्यावर काम करता का, हे वेगळं विचारा, कारण सगळेच करत नाहीत. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी या विषयाचं शिक्षण दिलं जातं, आणि मोठ्या सरकारी व कर्करोग रुग्णालयांत या विभागाची चौकशी करता येते. जाताना तीन गोष्टी न्या: सगळ्या औषधांची यादी, आधीचे छातीचे एक्स-रे, आणि मोबाईलवर काढलेला एका पूर्ण जेवणाचा व्हिडिओ, बाजूनं घेतलेला, कंठमणी दिसेल असा.